फुकट बघायला मिळतं, मग पैसे कोण भरतं? लंडनच्या कला-गॅलऱ्या समजून घेताना

लंडन महाग शहर आहे. ट्यूबचं भाडं, हॉटेल, साधा कपभर चहा, जिथे जाल तिथे खिशाला चाट बसते. पण आज जगभर ज्यांचं नाव आहे अशा चित्रकार-शिल्पकारांचं अगदी ताजं काम बघायचं असेल, तर याच शहरात बहुतेक ठिकाणी एक पेनीही मोजावी लागत नाही. दार ढकलायचं आणि आत जायचं. तरीही इथे येणारी आपली पुष्कळशी माणसं ब्रिटिश म्युझियम, लंडन आय आणि मादाम तुसाँ उरकून परत जातात. लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहणारे मराठी लोकसुद्धा मेफेअर या उच्चभ्रू भागातल्या कला-गॅलऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र खोल्यांच्या काचेबाहेरूनच पुढे सरकतात. कारण विचारलं की दोन उत्तरं मिळतात. ‘ते आपल्यासाठी नसतं’ आणि ‘त्यातलं आपल्याला काही कळत नाही’.

या दोन्ही शंकांवर एकाच जागेपासून सुरुवात करता येते, असं माझं मत आहे. समोरची गॅलरी कोणाच्या पैशावर चालते, हे आधी बघायचं. ते कळलं की तिथे अमुकच कलाकृती का आहे, किंमत का लिहिलेली नाही, टेबलामागची व्यक्ती मान वर करून का बघत नाही, आपल्याला आत फुकट का सोडलं, या सगळ्याचा उलगडा व्हायला लागतो. आणि मग भीड चेपते.

सरकार, लॉटरी आणि देणगीदार

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे टेट मॉडर्न, टेट या जुन्या राष्ट्रीय कलासंस्थेचं एक संग्रहालय. थेम्सच्या दक्षिण काठावरचं हे विटांचं अवाढव्य बांधकाम मुळात वीजकेंद्र होतं. लंडनचा लाल टेलिफोन बूथ ज्यांनी आखला, त्या गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीच हे बँकसाइड पॉवर स्टेशनही आखलं. १९८१ मध्ये ते बंद पडलं. पुढे हर्झोग अँड द म्यूरॉन या स्विस वास्तुरचनाकारांनी त्याचं रूपांतर केलं आणि मे २००० मध्ये ते कलासंग्रहालय म्हणून उघडलं. खर्च झाला १३.४ कोटी पौंड, त्यातले ५ कोटी राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून आले. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात तिकीट खरवडणाऱ्या माणसाचाही या इमारतीत वाटा आहे.

आत शिरल्यावर लागतो टर्बाइन हॉल. १५५ मीटर लांब, ३५ मीटर उंच. जनित्रं काढून टाकल्यावर उरलेली ही पोकळी दरवेळी एका कलाकाराच्या हवाली केली जाते. २००२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी इथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडद लाल पीव्हीसीचं कातडं ताणलं होतं. संपूर्ण शिल्प एका नजरेत मावेल अशी जागा हॉलमध्ये कुठेच नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी ओलाफर एलियासन यांनी भिंतीवर कृत्रिम सूर्य उगवला आणि छताला आरसे लावले. लोक जमिनीवर उताणे पडून वर दिसणाऱ्या आपल्याच प्रतिबिंबांकडे बघत बसायचे.

पण त्या हॉलमध्ये मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारी गोष्ट पायाखाली आहे. २००७ मध्ये कोलंबियाच्या डोरिस साल्सेडो यांनी काँक्रीटच्या फरशीला १६७ मीटर लांबीची भेग पाडली. सुरुवातीला केसाएवढी, मग हात जाईल एवढी रुंद. युरोपात बाहेरून आलेल्या माणसाच्या वाट्याला येणारा दुजाभाव आणि वंशद्वेष हा तिचा विषय होता. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली, पण बुजवल्याची खूण आजही दिसते. आजूबाजूच्या फरशीपेक्षा किंचित वेगळ्या रंगाची, नागमोडी, मध्येच फाटा फुटलेली. रोज हजारो लोक तिच्यावरून चालत जातात. आत शिरलात की खाली बघा आणि ती रेघ धरून चाला. इतकं केलं तरी समकालीन कला म्हणजे काय, याचा एक ठोस अनुभव पदरात पडतो.

टेटचा कायमचा संग्रह फुकट बघता येतो. मोठ्या खास प्रदर्शनांना मात्र तिकीट असतं. सरकारी अनुदान पुरत नाही, म्हणून तिकीट, कॅफे, दुकान, सदस्यत्व, देणगीदार आणि प्रायोजक यांच्या आधारावर गाडा चालतो. आणि इथेच वाद सुरू होतात. तेलकंपनी बीपी टेटची बरीच वर्षं प्रायोजक होती. कलाकार आणि कार्यकर्त्यांनी टेटच्याच आवारात वर्षानुवर्षं निषेध केले आणि २०१७ मध्ये ते नातं संपलं. सॅकलर कुटुंबाचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक गोळीमुळे अमेरिकेत व्यसनाचा वणवा पेटला. ती गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीशी या कुटुंबाचं नाव जोडलेलं होतं आणि तेच नाव लंडनच्या अनेक कलासंस्थांच्या भिंतींवर होतं. टेटने २०२२ मध्ये ते उतरवलं. केन्सिंग्टन गार्डन्समधली सर्पेंटाइन सॅकलर गॅलरीही आता नुसती सर्पेंटाइन नॉर्थ म्हणून ओळखली जाते. त्यामुळे दालनाच्या दारावर कोणाचं नाव कोरलंय, हे वाचायची सवय लावून घ्यावी. तोही प्रदर्शनाचाच भाग आहे.

टेटकडे संग्रह आहे. पण लंडनमध्ये अशाही सार्वजनिक गॅलऱ्या आहेत ज्या संग्रह मांडण्याऐवजी मुख्यतः तात्पुरती प्रदर्शनं भरवतात. सर्पेंटाइन ही १९७० मध्ये एका जुन्या चहाच्या पॅव्हिलियनमध्ये सुरू झाली. बागेत फिरता फिरता सहज आत डोकावता येतं. दक्षिणेला पेकम रोडवरची साउथ लंडन गॅलरी १८९१ पासूनची, आता समोरच्या जुन्या अग्निशमन केंद्रातही पसरलेली. या सगळ्यांत मला मोलाची वाटते ती ईस्ट एंडमधली व्हाइटचॅपल गॅलरी.

१९०१ मध्ये ती उघडली तेव्हा व्हाइटचॅपल म्हणजे गोदी कामगार, शिवणकाम करणारे आणि पूर्व युरोपातून पळून आलेले ज्यू निर्वासित यांची दाट, गरीब वस्ती होती. पाद्री सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांचा आग्रह असा, की उत्तम कला या लोकांच्या दाराशी आली पाहिजे. आणि ती आली. जानेवारी १९३९ मध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ इथे लागलं. स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं, ज्या गावावरच्या बॉम्बहल्ल्यावर ते चित्र काढलं होतं तो हल्ला होऊन दोन वर्षंही उलटली नव्हती. आघाडीवरच्या सैनिकांसाठी बुटांचा जोड आणा, हीच प्रवेश-फी, असं तेव्हा ठरवलं होतं. क्लेमंट ॲटली, जे पुढे पंतप्रधान झाले आणि ज्यांच्या कारकिर्दीत भारत स्वतंत्र झाला, त्यांनी त्या प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. अशा संस्थांना आज आर्ट्स कौन्सिल या कलांसाठी सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्थेकडून अनुदान मिळतं, बाकीचा पैसा ट्रस्ट आणि देणगीदारांकडून उभा करावा लागतो. विक्रीचं बंधन नसल्यामुळे त्या विकता न येणारं काम दाखवू शकतात. एखादी दीड तासाची फिल्म, नुसता आवाज, किंवा प्रदर्शन संपल्यावर मोडून टाकायची मांडणी.

दुकान, पण दुकानासारखं न दिसणारं

आता मेफेअर. इथल्या गॅलऱ्या खासगी मालकीच्या आहेत आणि त्यांचा धंदा विक्रीचा आहे. आत शिरताना दडपण येतं ते इथेच. दार कधी जड असतं, कधी बेल वाजवावी लागते. आत पांढऱ्या भिंती, काँक्रीटची करडी जमीन, चार-पाच चित्रं, ती पण एकमेकांपासून लांब लांब. नावाची पाटी नाही, किंमत नाही. एका उंच टेबलामागे कोणीतरी संगणकात डोकं घालून बसलेलं. आपण आलो याची त्याने दखलही घेतलेली नसते.

ही बेपर्वाई आपल्या सोयीची आहे. तिथे कोणी ‘काय पाहिजे’ म्हणून मागे लागत नाही. टेबलावर दोन कागद असतात, ते उचला. एकावर प्रदर्शनाची माहिती, दुसऱ्यावर कलाकृतींची यादी. यादीत क्रमांक, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि मापं असतात. छायाचित्र, छापचित्र किंवा ब्राँझ असेल तर आवृत्तीचा आकडाही असतो, म्हणजे एकूण पाच प्रती काढल्या, त्यातली ही तिसरी, वर दोन प्रती कलाकाराच्या स्वतःच्या. हा आकडा महत्त्वाचा असतो, कारण साच्यातून पन्नास प्रती काढता आल्या असत्या तरी पाचच काढायच्या हे आधी ठरवलेलं असतं आणि किंमत त्या ठरवण्यावर उभी असते.

किंमत हवी असेल तर सरळ विचारा. ती बहुधा सांगितली जाते, आणि विचारलं म्हणून कोणी वाईट नजरेने बघत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हा सगळा प्रकार अनोळखी वाटतो, त्याला एक सबळ कारण आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत कलाकार अर्ज करतो, वर्षानुवर्षं पाळीची वाट बघतो, भाडं भरतो आणि आठवडाभर स्वतः तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतो. लंडनच्या व्यापारी गॅलरीत कलाकार भाडं भरत नाही आणि उद्घाटनाची संध्याकाळ सोडली तर सहसा दिसतही नाही. गॅलरी त्याला निवडते, साधारण दर दोन-तीन वर्षांनी त्याचं प्रदर्शन लावते, जागा, वाहतूक, विमा, छपाई, जाहिरात सांभाळते, आणि विक्री झाली की पैसे निम्मेनिम्मे वाटून घेतले जातात. समजा चित्र वीस हजार पौंडांना गेलं, तर दहा कलाकाराचे, दहा गॅलरीचे. सराईत गिऱ्हाइकाला दिलेली सूट यातूनच जाते. चित्र विकलं गेलं नाही तर कलाकाराच्या हातात काही पडत नाही आणि गॅलरीचं भाडं मात्र चुकत नाही. म्हणून नव्या, न विकल्या जाणाऱ्या कलाकाराला धरून ठेवायचं असेल तर गॅलरीकडे दोन-तीन हमखास विकले जाणारे कलाकार असावे लागतात. कित्येकदा मागच्या बंद खोलीत एखाद्या दिवंगत मोठ्या चित्रकाराचं काम शांतपणे विकलं जातं आणि त्यावर पुढच्या खोलीतलं धाडसी प्रदर्शन उभं राहतं.

किमती भिंतीवर का नसतात, हेही यातूनच कळतं. पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या चित्राची किंमत गॅलरी ठरवते, बहुधा आकारावरून आणि कलाकाराच्या वाटचालीवरून. मोठं चित्र महाग, छोटं स्वस्त, मग छोटं कितीही सरस असो. ही किंमत हळूहळू चढवायची असते, कारण एकदा उतरवली की आधी घेतलेल्या सगळ्यांना फसवल्यासारखं वाटतं. आणि जास्त पैसे देणाऱ्याला चित्र मिळेलच असंही नाही. संग्रहालयाला ते आधी दिलं जातं, तेही सवलतीत. त्यानंतर जो संग्राहक ते वर्षानुवर्षं जपेल त्याचा नंबर. घेऊन दोन वर्षांत लिलावात विकून नफा कमावणाऱ्याला पुढच्या वेळी ‘सगळं गेलं’ असं उत्तर मिळतं. प्रतीक्षायादी असते, पण ती रांग नसते. मला ही पद्धत पसंत नाही. कोणाला विकायचं हे बंद दाराआड ठरतं आणि पैशाइतकीच ओळख लागते. पण तिच्यामागचा हेतू समजून घ्यायला हवा. तिशीतल्या एखाद्या चित्रकाराची किंमत लिलावात दोन हंगामांत दहापट झाली आणि मग कोसळली, तर त्यातून तो पुन्हा उभा राहणं फार कठीण असतं.

लिलावाचा बाजार हा दुसरा बाजार, म्हणजे आधी विकल्या गेलेल्या वस्तूंचा. तिथला आकडा जाहीर होतो, वर्तमानपत्रात येतो, पण त्यातला फारच थोडा भाग कलाकाराकडे जातो. ब्रिटनमध्ये २००६ पासून फेरविक्रीचा हक्क लागू झाला, त्याआधी काहीच जात नव्हतं. आताही सुरुवातीच्या टप्प्यावर चार टक्के, पुढे कमी कमी होत जाणारे, आणि वर कमाल मर्यादा. ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्ट यांनी सप्टेंबर २००८ मध्ये गॅलऱ्यांना बाजूला सारून दोनशेहून जास्त नव्या कलाकृती थेट सदबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात नेल्या आणि दोन दिवसांत सुमारे ११ कोटी पौंड उभे केले. लिलावाच्या पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली.

सर्वसामान्य प्रेक्षकाने सदबीज आणि क्रिस्टीज टाळायचं काहीच कारण नाही. लिलावाआधी काही दिवस सगळा माल मांडलेला असतो आणि कोणीही जाऊन फुकट बघू शकतं. एखाद्या घरात चाळीस वर्षं टांगलेलं चित्र चार दिवस बाहेर येतं आणि पुन्हा कुठल्यातरी घरात जातं. तेवढ्या फटीत ते आपल्याला भेटतं.

गॅलरीवाला कलाकारासाठी नेमकं काय करतो, याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे फ्रान्सिस न्यूटन सूझा. गोव्यातल्या साळगावात १९२४ मध्ये जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून हकालपट्टी, १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, आणि १९४९ मध्ये लंडन. इथे पहिली काही वर्षं फार हलाखीची गेली. मग १९५५ मध्ये व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये त्यांचं प्रदर्शन लागलं. गॅलरी छोटी, मसग्रेव्ह स्वतः कवी, पण नजर पारखी. पुढे ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांचं पहिलं एकल प्रदर्शनही याच गॅलरीने भरवलं. त्याच वर्षी ‘एन्काउंटर’ मासिकात सूझांचं आत्मपर लेखन छापून आलं आणि दोन्ही मिळून लंडनने या गोवेकराची दखल घेतली. पाठोपाठ एका अमेरिकन संग्राहकाने चित्रांच्या बदल्यात नियमित पैसे द्यायला सुरुवात केली. गॅलरी, लेखन आणि संग्राहक हे तिन्ही जुळून आले तेव्हा कुठे सूझांना निवांतपणे चित्रं काढता आली. १९५९ चं त्यांचं ‘क्रुसिफिक्शन’ आज टेटच्या संग्रहात आहे. काळवंडलेला, काटेरी, दात विचकलेला ख्रिस्त. गोव्याच्या चर्चमध्ये लहानपणी पाहिलेल्या मूर्तींचा धाक त्यात पुरेपूर उतरलाय. मात्र १९६७ मध्ये सूझा न्यूयॉर्कला गेले आणि लंडन त्यांना जवळजवळ विसरलं. १९८९ मध्ये हेवर्ड गॅलरीत रशीद अरईन यांनी आफ्रिकी, आशियाई आणि कॅरिबियन वंशाच्या ब्रिटिश कलाकारांचं ‘द अदर स्टोरी’ हे प्रदर्शन भरवलं, तेव्हा सूझांचं नाव पुन्हा पुढे आलं. २००८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, त्यांचं ‘बर्थ’ हे चित्र क्रिस्टीजच्या लंडनमधल्या लिलावात साडेबारा लाख पौंडांच्या वर गेलं.

अनिश कपूर यांची गोष्ट पुढच्या पिढीची. लंडनमध्ये कलाशिक्षण झाल्यावर १९७९ मध्ये ते भारतात येऊन गेले आणि परतल्यावर रंगाच्या कोरड्या भुकटीची शिल्पं करू लागले. देवळाबाहेर गुलाल-कुंकवाच्या राशी ज्याने पाहिल्यात त्याला त्या लाल-पिवळ्या टोकदार ढिगांची ओळख लगेच पटते. भुकटीचा थोडा सडा जमिनीवर पडलेला असतो, त्यामुळे आकार जमिनीतून उगवल्यासारखा वाटतो. हे काम विकायचं कसं, हा प्रश्न कोणत्याही दुकानदाराला पडला असता. लिसन गॅलरीने ते उचललं. निकोलस लॉग्सडेल यांनी विद्यार्थी असताना १९६७ मध्ये सुरू केलेली ही गॅलरी आजही मॅरिलिबोनमधल्या बेल स्ट्रीटवर आहे आणि कपूर यांच्याशी तिचं नातं टिकून आहे. जिथून हे सुरू झालं तो परिसर श्रीमंतीचा नव्हता, आजही गॅलरीच्या आजूबाजूला साधी घरं आणि छोटी दुकानं आहेत.

इथे एक अडचणीची बाब सांगायलाच हवी. एखाद्या कलाकाराचं सार्वजनिक संग्रहालयात मोठं प्रदर्शन ठरलं, की त्याच्या व्यापारी गॅलरीने वाहतूक, निर्मिती किंवा कॅटलॉगच्या खर्चाला हातभार लावणं ही सर्रास रीत आहे. संग्रहालयाकडे पैसा कमी आणि गॅलरीला त्या प्रदर्शनाने कलाकाराचं मोल वाढणार हे माहीत. दोघांचंही भागतं. पण ज्याच्या पाठीशी तगडी गॅलरी नाही त्याचं मोठं प्रदर्शन होणं त्यामुळे अवघड होतं. सार्वजनिक भिंतीवर कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, याचा विचार करताना हे लक्षात ठेवावं.

भाडं वाढलं की गॅलरी हलते

लंडनचा कलेचा नकाशा दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतो आणि तो भाड्याच्या मागे मागे बदलतो. मेफेअरमधली कॉर्क स्ट्रीट ही जुनी पेठ. मेयर गॅलरी तिथे १९२५ मध्ये आली, अमेरिकन संग्राहक पेगी गुगेनहाइम यांची गॅलरी १९३८ मध्ये. पण नवं काम घडतं तिथे, जिथे कलाकाराला जागा परवडते. १९६८ मध्ये ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली यांनी ‘स्पेस’ ही संस्था काढून ओसाड पडलेल्या गोदीतल्या वखारी स्टुडिओंसाठी मिळवल्या. १९७२ मध्ये ‘ॲक्मे’ या संस्थेने ईस्ट एंडमधली पाडायला काढलेली घरं कलाकारांना राहायला मिळवून दिली. त्याच ईस्ट एंडमधल्या बेक रोडवर, एका चाळवजा गल्लीतल्या आपल्या राहत्या घरात, मॉरीन पेली यांनी १९८४ मध्ये प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. १९८८ मध्ये गोल्डस्मिथ्स कॉलेजात शिकणाऱ्या हर्स्ट यांनी सरी डॉक्समधल्या एका रिकाम्या इमारतीत आपलं आणि मित्रांचं ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन लावलं. त्याच वर्षी ओव्हलजवळच्या एका बंद पडलेल्या सट्टेवाल्याच्या दुकानात पाच कलाकारांनी ‘सिटी रेसिंग’ ही गॅलरी काढली, ती दहा वर्षं चालली.

मग पैसा मागून आला. गॅलरीमालक जे जॉपलिंग यांनी १९९३ मध्ये सेंट जेम्समध्ये एका लहानशा खोलीत व्हाइट क्यूब ही गॅलरी सुरू केली, २००० मध्ये हॉक्स्टन स्क्वेअरला नेली. हॉक्स्टन झळकलं, कॅफे आले, भाडी चढली, ज्यांच्यामुळे ते झळकलं ते कलाकार बाहेर पडले. २०१२ मध्ये व्हाइट क्यूबही तिथून निघाली, तोवर तिची बर्मंडसीतली प्रचंड जागा सुरू झाली होती. हे चक्र थांबेल असं दिसत नाही. म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शकावर विसंबू नका, निघण्याआधी त्या आठवड्यात काय चालू आहे ते बघूनच निघा.

व्हॉक्सहॉलच्या बाजूला दोन जागा एकाच दुपारी बघण्यासारख्या आहेत. न्यूपोर्ट स्ट्रीट गॅलरी ही हर्स्ट यांनी २०१५ मध्ये आपला खासगी संग्रह लोकांना दाखवण्यासाठी उघडली. नाटकाचे पडदे रंगवण्याच्या जुन्या कार्यशाळा दुरुस्त करून केलेल्या या इमारतीला वास्तुरचनेचं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर गॅसवर्क्स आहे. १९९४ पासून चालणाऱ्या या छोट्या संस्थेत जगभरातले कलाकार येऊन राहतात, काम करतात आणि मधूनमधून स्टुडिओची दारं सगळ्यांना उघडी होतात. एकीकडे एका माणसाची अफाट कमाई, दुसरीकडे अनुदान आणि देणग्यांवरची काटकसर. दोन्ही फुकट.

‘हे तर कोणीही करेल’

आता दुसरी शंका. टेटच्या संग्रहात कार्ल आंद्रे यांचं १९६६ चं एक शिल्प आहे. भट्टीत वापरतात तशा १२० विटा, दोन थरांत, आयताकृती रचून जमिनीवर ठेवलेल्या. बस. टेटने ते १९७२ मध्ये घेतलं आणि १९७६ मध्ये वर्तमानपत्रांनी करदात्यांचा पैसा विटांवर उधळला म्हणून एकच गहजब केला. एका प्रेक्षकाने तर त्यावर निळा रंगही ओतला.

रागावणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण त्यांना बहुधा सांगितलं गेलं नव्हतं की हे शिल्प आठांतलं एक आहे. आठही शिल्पांत १२० विटाच होत्या, दोनच थर होते, फक्त आयताची लांबी-रुंदी वेगळी. एक लांब आणि चिंचोळं, एक रुंद आणि आखूड. सगळ्यांचं वजन, घनफळ, उंची तंतोतंत सारखी, आणि तरीही डोळ्यांना ती सारखी वाटत नाहीत. म्हणून नाव ‘इक्विव्हॅलंट’. हे कळल्यावर विटा आवडायलाच हव्यात असं अजिबात नाही. पण ‘कोणीही करेल’ हा आक्षेप मागे पडतो आणि ‘हे बघायला मजा आली का’ हा खरा प्रश्न पुढे येतो. त्याचं उत्तर ‘नाही’ असलं तरी बिनधास्त द्यावं.

माझी बघायची पद्धत अशी. आधी कागद न वाचता पूर्ण फेरी मारते. ज्या कामापाशी पाय थबकला तिथे परत जाते, ते कशाचं बनलंय, किती मोठं आहे, जवळ गेल्यावर काय बदलतं ते बघते. मग कागद वाचते. माहितीचा कागद अनेकदा इतक्या बोजड इंग्रजीत असतो की इंग्रजी मातृभाषा असलेल्यालाही तो कळत नाही, तेव्हा तो डोक्यावरून गेला तर मनाला लावून घेऊ नये. अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ चालू असेल तर आपण नेमके मधोमध शिरलेले असतो. यादीत त्याची लांबी दिलेली असते. बारा मिनिटांचा असेल तर बसा, पुन्हा सुरुवातीपासून बघा. आणि एका दिवसात चार-पाचपेक्षा जास्त ठिकाणं करू नका, डोळे थकतात.

ओळखीच्या जगातून सुरुवात केली तर वाट सोपी होते, हाही अनुभव आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत बार्बिकन कलाकेंद्रात १९७५ ते १९९८ या काळातल्या भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन होतं, आणीबाणीपासून पोखरणपर्यंतचं. त्यात ठाण्याचे सुधीर पटवर्धन होते आणि नागपूरचे सवींद्र सावरकर होते. एक क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून नोकरी करत कामगारांची, लोकलची, उपनगरांची चित्रं काढणारा. दुसरा आंबेडकरी जाणिवेतून अस्पृश्यतेचे चटके कागदावर ओरखडणारा. मराठी माणसाला ती चित्रं समजायला कसल्याही माहितीच्या कागदाची गरज नव्हती. अशी प्रदर्शनं लंडनमध्ये आता वरचेवर होतात. २०२३ मध्ये नॅशनल गॅलरीत नलिनी मलानी यांचं होतं, २०२५ मध्ये सर्पेंटाइनमध्ये अर्पिता सिंग यांचं.

एकच दिवस हाताशी असेल तर शुक्रवार किंवा शनिवार निवडा. व्यापारी गॅलऱ्या साधारणपणे मंगळवार ते शनिवार, सकाळी दहा-अकरा ते संध्याकाळी सहा उघड्या असतात, ऑगस्टमध्ये बऱ्याच सुस्तावतात. ग्रीन पार्क स्टेशनला उतरा, कॉर्क स्ट्रीट आणि शेजारची सॅव्हिल रो पायी करा, मग पिकॅडिली ओलांडून मेसन्स यार्डातली व्हाइट क्यूब. पुन्हा ग्रीन पार्कवरून ज्युबिली लाइनने लंडन ब्रिज, बर्मंडसी स्ट्रीट, आणि तिथून नदीच्या काठाकाठाने चालत टेट मॉडर्न. ऑक्टोबरमध्ये रीजंट्स पार्कात फ्रीझचा कलामेळा भरतो (नाव सारखं ऐकू येतं, पण हर्स्ट यांच्या ‘फ्रीझ’ प्रदर्शनापेक्षा हा वेगळा). त्याचं तिकीट महाग आहे, पण त्याच आठवड्यात शहरातली प्रत्येक गॅलरी आपलं सगळ्यात चांगलं प्रदर्शन लावते आणि ते बघायला तिकीट लागत नाही. उद्घाटनं बहुधा बुधवारी-गुरुवारी संध्याकाळी असतात, त्यांना ‘प्रायव्हेट व्ह्यू’ म्हणतात. नावात ‘प्रायव्हेट’ असलं तरी छोट्या गॅलऱ्यांत कोणीही गेलेलं चालतं, आणि कलाकाराला गाठून दोन प्रश्न विचारायचे असतील तर ती संध्याकाळ साधावी.